शिष्यवृत्ती येईपर्यंतचे दिवस

सरकारी विद्यापीठात आपल्या मुलांना पैसे लागत नाहीत, असे आपल्या वस्तीत पुष्कळांना वाटते. फी शासन भरते, मग अडचण कसली, असा प्रश्न जाणतेसुद्धा विचारतात. मी एका पतसंस्थेत कारकून आहे. रविवारी विहारात बसून मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्याचे काम काही वर्षांपासून करते. हा प्रश्न मी दुसऱ्यांच्या घरात पाहत होते, तो २०२३ साली माझ्याच घरात आला. म्हणून बंधू-भगिनींनो, थोडे आकड्यांसह लिहिते. बी.कॉम. झालेली बाई हिशेबाशिवाय दुसरे काय सांगणार!

माझी थोरली लेक जालन्यात बी.एस्सी. झाली आणि तिला पुण्यात विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. घरात आनंद झाला. फीचे कागद पाहून आम्हाला हायसेही वाटले, कारण शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत बसत होते. पण वसतिगृहात जागा थोड्या आणि मुली जास्त. तिचे नाव लागले नाही. चार मुलींनी मिळून खोली घेतली. पहिल्या महिन्याचा हिशेब असा झाला: खोलीची अनामत १०,००० रुपये, भाडे ३,५००, खानावळीचे आगाऊ ३,०००, प्रवेशाच्या वेळची किरकोळ शुल्के व अनामत ३,२००, गादी-बादली-भांडी १,८००, जाणे-येणे व इतर १,५००. एकूण २३,००० रुपये. पुढे दरमहा ८,०००.

माझा पगार ११,५०० रुपये. आमचे हे रिक्षा चालवतात, त्यांचे खर्च वजा जाता सरासरी ८,००० येतात. म्हणजे वर्षाला २ लाख ३४ हजार. त्या वर्षी शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा अडीच लाख होती, आम्ही तिच्या आत होतो. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी राज्याची भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात तिची वर्षाची रक्कम ६०,००० रुपये होती. म्हणजे कागदावर आमचे बरेचसे भागत होते.

पण खोलीमालक आणि खानावळवाले कागद पाहत नाहीत, तारीख पाहतात. अर्ज, छाननी, मंजुरी, बिल अशी वाट चालत पहिला हप्ता मार्चअखेर खात्यात आला. ऑगस्टपासून तोवर ७९,००० रुपये खर्च झाले होते. ते कुठून आले? पतसंस्थेतून मी ३०,००० कर्ज काढले. बचत गटातून २०,००० घेतले, दरमहा दोन टक्के व्याजाने. सासूबाईंनी निराधार योजनेच्या पैशातून साठवलेले ८,००० पदराच्या गाठीतून काढून दिले. उरलेले २१,००० आम्ही सात महिने तीन-तीन हजार घरखर्चातून काढले. धाकटा दहावीला होता, त्याचा क्लास बंद झाला. तो काही बोलला नाही, पण संध्याकाळी क्लासच्या वेळेला घरात थांबत नसे.

दिवाळीला लेक घरी आली. तोंड उतरलेले, ड्रेस सैल झालेला. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या हातात २,६०० रुपये ठेवले. म्हणाली, "आई, हे पुढच्या महिन्यात धर." खोदून विचारले तेव्हा कळले की तिने दोन महिने एकाच वेळचा डबा लावला होता. रात्री चहा-बिस्किटावर भागवत होती. बचत गटाच्या वहीतला व्याजाचा आकडा तिने जाताना पाहिला होता.

शेजारच्या काकांना हे समजले. ते कौतुकाने म्हणाले, "शाबास पोरी! बाबासाहेब लंडनला अर्धपोटीच शिकले ना!" घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्याही आले. पण काकांचे म्हणणे मला पटले नाही. ते का पटले नाही, हेच सांगण्यासाठी हा लेख.

बाबासाहेबांनी उपाशी राहून अभ्यास केला हे खरे आहे. पण त्यांच्या शिक्षणाचा जमाखर्चही आपण नीट वाचला पाहिजे. १९१३ साली ते अमेरिकेला गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. मुदत संपली तेव्हा १९१७ साली त्यांना लंडनचे शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. एवढी बुद्धी, एवढी जिद्द, तरी पैसा थांबला तिथे शिक्षण थांबले. पुढे १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिले, तेव्हा १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊ शकले.

आणि परत आल्यावर त्यांनी काय केले? पोरांनो, माझ्यासारखे उपाशी राहा, असे सांगितले नाही. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ साली तिने सोलापूरला वसतिगृह काढले. आधी राहण्या-जेवण्याची सोय. अनुसूचित जातींसाठीची केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. जी उपासमार त्यांनी सोसली ती पुढच्या पिढीला सोसावी लागू नये, हा त्यांच्या कामाचा अर्थ आहे. आपण मात्र उपासमारीलाच आदर्श करून ठेवले आहे.

लेकीचे ते २,६०० रुपये मी तिच्याच खानावळीत भरायला लावले. पुढे तिने विद्यापीठाच्या कमवा व शिका योजनेत काम मिळवले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी घालून दिलेली ही वाट. त्यातून तिचा पुस्तके-झेरॉक्सचा खर्च निघू लागला. ती टिकली. पण आमच्याच वस्तीतला एक मुलगा त्याच वर्षी दिवाळीनंतर परत गेला नाही. खानावळीचे दोन महिन्यांचे पैसे थकले होते आणि घरी मागायची त्याला लाज वाटली. त्याची शिष्यवृत्ती मंजूर झाली तेव्हा तो चाकणला गोदामात खोकी उचलत होता.

उत्पन्नमर्यादेचीही एक गोष्ट सांगते. मला त्या वर्षी महिन्याला १,४०० रुपये पगारवाढ मिळाली असती, तर आमचे उत्पन्न अडीच लाखांच्या ८०० रुपये वर गेले असते. मर्यादेवरच्या घरांना राज्यात शिक्षण व परीक्षा शुल्काची सवलत होती, पण स्वाधार नव्हते. म्हणजे वर्षाला १६,८०० रुपये वाढले म्हणून ६०,००० गेले असते. ही मर्यादा महागाईप्रमाणे दरवर्षी वाढावी, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे.

तोवर आपल्या हाती काय आहे? पहिले म्हणजे कागद. जातीचा दाखला, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला हे निकालाची वाट न पाहता तयार ठेवावेत. मुलाचे आधार कोणत्या बँक खात्याला जोडले आहे ते तपासावे. पैसे तिथेच जातात, आणि ते जुने खाते बंद पडले असेल तर अडकतात. दुसरे, सावकाराकडे जाण्याआधी बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी. चार लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही आणि हप्ते शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. मधल्या काळाचे व्याज मात्र चालू राहते, हे समजून सही करावी.

तिसरे काम एकट्या घराचे नाही. १४ एप्रिल २०२४ पासून आमच्या विहारात ४० कुटुंबे दरमहा १०० रुपये शिक्षण निधीत टाकतात. वर्षाचे ४८,००० होतात. पहिल्या वर्षी चार मुलांना प्रत्येकी १०,००० रुपये बिनव्याजी दिले, अट एवढीच की शिष्यवृत्ती आली की परत करायचे. तिघांनी परत केले, चौथ्याचे हप्त्याने येत आहेत. कोणाला मदत दिली हे तिघांच्या समितीबाहेर कोणाला सांगत नाही. हार नाही, फोटो नाही. मुलांना लाज वाटणार नाही, तरच ती वेळेवर मागतील.

जयंतीला आपण वर्गणी काढतो, ती काढावीच. पण तिच्याबरोबर शंभराची आणखी एक पावती फाडा. आपल्या वस्तीतले कोणते मूल यंदा परगावी शिकायला जाणार आहे, ते आजच विचारून ठेवा. आणि ते गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी फोन करून अभ्यासाची चौकशी करण्याआधी एवढे विचारा: "रात्री जेवलास का?"