किल्ली

आमच्या देवघराच्या कोनाड्यात एक किल्ली आहे. ती ज्या गाडीची, ती गाडी १९९८ साली भंगारात गेली. आणि ती भंगारात घातली मी. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, न विचारता.

नानांनी १९६५ साली नोंदवलेली फियाट १९७१ साली इंदूरच्या आमच्या दारात येऊन उभी राहिली. गाडीसाठी सहा वर्षे वाट पाहणे ही त्या काळी तक्रारीची बाब नव्हती, रीतच होती. थंडीच्या दिवसांत पहाटे चोक ओढून, दोनतीनदा खोकवून ते ती सुरू करीत, तेव्हा सारी गल्ली जागी होई. तरीही गाड्यांचा विषय निघाला की नानांचे बोलणे फियाटवरून हमखास वळे ते महाराजांच्या गाडीकडे. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीची १९३५ सालची ‘एसजे’ घेतली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून लांबसडक, उघड्या टपाचा बांधा चढवून घेतला. एका ओळीत आठ सिलिंडर, जवळजवळ सात लिटरचे इंजिन, वर सुपरचार्जर. कंपनी सांगे ती ताकद ३२० अश्वशक्तीची. रंग काळा आणि नारिंगी. माणिकबागेचा महाल एकार्ट मुथेसियुससारख्या तरुण जर्मन वास्तुकाराकडून उभारून घेणाऱ्या राजाची निवड याहून वेगळी कशी असावी? शाळकरी वयात ती गाडी धावताना पाहिल्याचे नाना सांगत आणि शेवटी न चुकता म्हणत, “ती बघायची गाडी. आपली ती फियाट.”

‘बघायची गाडी’ हा नानांचा शब्द माझ्या मनात कायमचा घर करून राहिला. पुढे मोटारींविषयीची मासिके वाचण्याचा नाद लागला, तेव्हा कळले की जगात खास बघण्यासाठीच घडवलेल्या गाड्यांची एक वेगळी जातच आहे. १९३८ साली जनरल मोटर्सच्या हार्ली अर्ल यांनी ‘ब्यूक वाय-जॉब’ नावाची एकच एक गाडी घडवली. तिचे दिवे झाकले जात, काचा विजेवर वरखाली होत. ती विक्रीसाठी नव्हतीच. अर्ल स्वतःच ती वापरीत. संकल्पना-गाडी म्हणतात ती हीच: उद्याचे दिलेले वचन. बहुतेक वचने प्रदर्शनाच्या दिव्यांबरोबरच विझतात. काही मात्र पाळली जातात. १९९५ साली टोकियोच्या प्रदर्शनात टोयोटाने ‘प्रियस’ ही संकल्पना म्हणून मांडली आणि डिसेंबर १९९७ मध्ये ती जपानच्या रस्त्यावर विकत मिळू लागली. पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर यांचा एकत्र संसार थाटणारी, मोठ्या संख्येने तयार झालेली ही पहिली गाडी. कल्पना मात्र जुनी होती. फर्डिनंड पोर्शे यांनी व्हिएन्नाच्या लोनर कारखान्यात १९०० सालीच अशी गाडी जुळवली होती. तिची चाके विजेने फिरत आणि ती वीज पेट्रोलच्या इंजिनांवर तयार होई. तिचे लॅटिन नाव होते ‘सेम्पर व्हिवुस’, म्हणजे सदैव जिवंत.

खरे सांगायचे तर हायब्रिड गाडीकडे मी बराच काळ नाक मुरडूनच पाहिले. मला ती एखाद्या काटकसरी कारकुनाची युक्ती वाटे. पण २०१२ साली ल मॉंची चोवीस तासांची शर्यत ऑडीच्या हायब्रिड गाडीने जिंकली आणि २०१३ साली फेरारी, मॅक्लारेन व पोर्शे या तिघांनीही आपापल्या सर्वांत वेगवान गाड्या हायब्रिडच काढल्या, तेव्हा मला माझे मत गिळावे लागले.

मागल्या वर्षी मुलाने हायब्रिड गाडी घेतली. त्याच सुमारास काचबिंदूमुळे डॉक्टरांनी माझे गाडी चालवणे बंद केले. पंचावन्न वर्षांनंतर मी प्रथमच नाइलाजाने डावीकडच्या आसनावर बसलो. मुलाने बटण दाबले. काहीच ऐकू आले नाही. मी म्हटले, “सुरू कर ना.” तो म्हणाला, “बाबा, सुरू आहे.”

राजवाड्याच्या गर्दीत आम्ही पावलापावलावर थांबत होतो. समोरच्या पडद्यावर एक बाण चाकांकडे जाई आणि ब्रेक लावला की उलटा फिरून बॅटरीकडे येई. मुलाने उलगडून सांगितले: साध्या गाडीत ब्रेक लावला की तिच्या गतीची घर्षणाने उष्णता होते आणि हवेत विरून जाते. इथे ब्रेक लावताच मोटरच जनित्र होते; चाके तिला फिरवतात आणि गतीचा काही भाग वीज होऊन साठतो. पुढच्या वेळी गाडी हलते ती त्याच विजेवर. म्हणून मोकळ्या रस्त्यापेक्षा अशा गर्दीतच ही गाडी आपले गुण दाखवते.

मी त्या उलट्या बाणाकडे पाहत राहिलो आणि मला नाना आठवले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांची नजर गेली होती, फियाट पडवीत धूळ खात होती, मला माझ्या नव्या गाडीसाठी जागा हवी होती. ते फिरायला गेले असताना मी भंगारवाल्याला बोलावले. परत आल्यावर ते रिकाम्या पडवीत क्षणभर थबकले. “जागा झाली, बरे झाले,” एवढेच म्हणाले. २००३ साली ते गेल्यावर त्यांच्या चष्म्याच्या डबीत ही किल्ली सापडली. आजवर मी समजत होतो की थांबलेल्या माणसाजवळ काही शिल्लक उरत नाही. म्हणून विचारायचेही काही नसते.

घरी आल्यावर मुलगा पडवीत उभा राहिला. तिथे माझी जुनी पेट्रोलची गाडी चादर पांघरून आहे. तो म्हणाला, “बाबा, हिचे काय करायचे? घाई नाही. तुम्ही सांगाल तेव्हा, तुम्ही सांगाल तसे.”

मला लगेच उत्तर देता आले नाही. जो प्रश्न मी विचारायला हवा होता, तो सत्तावीस वर्षांनी माझ्याच दारात मला विचारला जात होता. मी आत जाऊन माझी किल्ली नानांच्या किल्लीशेजारी ठेवली, आणि मग बाहेर येऊन त्याला म्हटले, “पुढल्या महिन्यात बोलू. तोवर रविवारी एकदा सुरू करून ठेवीत जा. आवाज ऐकू येऊ दे.”