किती अंतरावर उभं राहायचं

रस्त्यावर चालायला शिकवताना सुरुवातीला मी विद्यार्थ्याच्या मागे, जराशी एका बाजूला, हात लांब केला तर खांद्याला लागेल इतक्या अंतरावर असते. काही आठवड्यांत हे अंतर दहा पावलांचं होतं. मग मी पलीकडच्या फुटपाथवर जाते, आणि पुढे पुढे चौकाच्या दुसऱ्या टोकाला नुसती थांबून राहते. आमच्या पेशाचा सगळा अभ्यासक्रम मला या वाढत्या अंतरात दिसतो. पांढरी काठी हाताला तशी लवकर बसते. शिकवणाऱ्याला स्वतःचा हात मागे ठेवायला शिकणं मात्र फार जड जातं.

मी न्यू जर्सीत दृष्टी गेलेल्या किंवा जात चाललेल्या प्रौढांना घरात आणि घराबाहेर आपापलं वावरायला शिकवते. माझे बरेचसे विद्यार्थी साठी ओलांडलेले आहेत. कुणाच्या डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाने घाला घातलेला, कुणाची वयोमानाने मधली नजर गेलेली, कुणाला काचबिंदू. त्यात आपली मराठी माणसंही असतात. मुलाकडे किंवा मुलीकडे कायमचे राहायला आलेले आईवडील.

लांब पांढऱ्या काठीचं तंत्र अमेरिकेतच घडलं. पांढऱ्या काठ्या त्याआधीही होत्या. इलिनॉयमधल्या पिओरिया शहराने 1930 मध्ये अशी काठी हाती असलेल्याला रस्त्यात वाट देण्याचा नियमही केला होता. पण तेव्हाची काठी आखूड असे. तिचा उपयोग मुख्यतः 'मला दिसत नाही' हे लोकांना कळण्यापुरता. दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावून आलेले तरुण सैनिक पेनसिल्व्हेनियातल्या व्हॅली फोर्ज लष्करी रुग्णालयात होते, आणि रिचर्ड हूव्हर नावाचा माणूस त्यांच्यात काम करत होता. त्याने काठी लांब आणि हलकी केली, स्वतः डोळ्यांवर पट्टी बांधून तिच्यासोबत चालून पाहिलं आणि तिला एक शिस्त लावली. काठीचं टोक डावीउजवीकडे खांद्यांपेक्षा जरा रुंद झुलवायचं. उजवं पाऊल पडतं तेव्हा टोक डावीकडे टेकतं, म्हणजे पुढचं डावं पाऊल जिथे पडणार ती जागा आधीच तपासलेली असते. 1948 मध्ये शिकागोजवळच्या हाइन्स रुग्णालयात माजी सैनिकांसाठी अंध पुनर्वसन केंद्र सुरू झालं. त्याचे पहिले प्रमुख रसेल विल्यम्स हे स्वतः युद्धात दृष्टी गमावलेले. 1960 मध्ये बॉस्टन कॉलेजात हा विद्यापीठात शिकवायचा विषय झाला. असं असूनही पुढे कित्येक वर्षं अंध व्यक्ती हे इतरांना शिकवू शकणार नाही असंच धरून चाललं जाई. मला ते तेव्हाही चूक होतं असं वाटतं. हात मागे कसा ठेवायचा हे मला नीट उमगलं ते एका अंध शिक्षकाच्या हाताखाली.

रस्ता ओलांडायचा तो कानांनी. आपल्या चालण्याच्या दिशेला समांतर असलेल्या रस्त्यावरच्या गाड्या एकदम निघतात तो आवाज ओळखायचा आणि त्यांच्याबरोबर निघायचं. विजेच्या गाड्या आल्या आणि हा आवाजच हरवायला लागला. त्यासाठी अंधांच्या संघटना भांडल्या, 2010 मध्ये काँग्रेसने कायदा केला, आणि आता नव्या विजेच्या गाडीला कमी वेगात असताना आवाज करावाच लागतो. हिमवर्षावाला मात्र कायदा नाही. बर्फ फुटपाथची कड झाकतो आणि आवाजही गिळतो, त्यामुळे जानेवारीत आमचे बरेच धडे घरात होतात.

खरं सांगायचं तर मला घरातले धडेच जास्त कठीण वाटतात. मधुमेहाने दृष्टी गेलेल्या एका काकूंच्या घरी मी जात असे. थोडा उजेड, थोड्या सावल्या एवढंच त्यांना उरलेलं. मुलाचं, सुनेचं घर मोठं, नीटनेटकं आणि प्रेमाने भरलेलं. काकूंना दिवसभर एका खुर्चीत बसवलेलं असे. चहा हातात, जेवण पुढ्यात, औषधं तळहातावर. सून मला दारातच म्हणाली, "ताई, त्यांना बाहेर चालायचं शिकवा. स्वयंपाकघराचं नको. भाजलं-बिजलं तर?" काकूंना विचारलं, "तुम्हाला काय करायचंय?" त्या लगेच म्हणाल्या, "वरणाला फोडणी."

इथल्या स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रिक शेगडीचा पृष्ठभाग काचेचा, सपाट. ज्योतीचा आवाज नाही, बर्नरची कड हाताला लागत नाही. म्हणून आधी थंड शेगडीवर कढलं ठेवायचं, लांब दांड्याच्या चमच्याने ते मध्यावर आहे का ते चाचपायचं, आणि मगच शेगडी चालू करायची. बटणांवर आणि मायक्रोवेव्हच्या गुळगुळीत पॅनेलवर आम्ही उंचवट्याचे चिकट ठिपके लावले. ब्रेल लावायचा प्रश्नच नव्हता. मधुमेहाने त्यांच्या बोटांच्या टोकांची जाण कमी झाली होती, बारीक टिंबं कळत नव्हती. मोठे ठिपके कळत होते. तेल मोजलं पळीने. तापलं का हे पाहायला मोहरीचा एकच दाणा टाकायचा आणि ऐकायचं. हे मी सांगण्याआधीच त्यांनी केलं. पन्नास वर्षं त्या फोडणी कानांनी आणि नाकानेच करत होत्या.

विळीवरून घरात वाद झाला. मुलाने ती माळ्यावर टाकली होती. मी ती काढायला लावली. सुरीत पातं हलतं, विळीत पातं जागेवर असतं आणि भाजी हलते. ज्या हातांना त्या पात्याची जागा आयुष्यभर ठाऊक आहे, त्यांच्याकडून ती काढून घ्यायला मला कारण दिसत नव्हतं. ज्यांनी विळी कधी वापरलेली नाही, त्यांना मी ती मुळीच देणार नाही.

नजर थोडी शिल्लक असेल तर तिचा उपयोग करून घ्यायचा. स्टीलचं ताट दिव्याखाली चकाकतं आणि त्यातलं काहीच दिसत नाही. पांढऱ्या बशीत पांढरा भात हरवतो. गडद रंगाचं ताट आणलं आणि काकूंना भात कुठे संपतो ते दिसायला लागलं. बाकीचं घड्याळाच्या काट्यांवर सांगायचं: बाराला भाजी, तीनला लोणचं, सहाला पोळी. नोटांचं दुखणं वेगळंच. रुपयाच्या नोटा लांबीने ओळखता येतात, डॉलरच्या सगळ्या नोटा एकाच मापाच्या. अमेरिकन कौन्सिल ऑफ द ब्लाइंडने यासाठी सरकारवर खटला भरला आणि 2008 मध्ये अपील न्यायालयात जिंकलाही, पण माप तेच राहिलं. म्हणून घडी घालायची: एकची सरळ, पाचची आडवी दुमडून, दहाची उभी. नोट ओळखून सांगणारं छोटं यंत्र सरकार फुकट देतं, तेही मागवायचं.

हे सगळं शिकवताना माझे हात काय करतात? विद्यार्थ्याचा हात धरून वस्तूवर नेऊन ठेवायची ओढ प्रत्येकाला होते. आम्ही उलट करतो. माझा हात खाली, त्यांचा वर. त्यांना नको वाटलं तर हात उचलता येतो. चालतानाही त्यांनी माझ्या कोपराला धरायचं, मी त्यांना धरायचं नाही. आणि पहिल्यांदा तेल सांडतं, डाळ थोडी बाहेर जाते, तेव्हा गप्प बसायचं. काकूंचं वरण ओट्यावर सांडलं तेव्हा सून पुढे धावली. मी तिला थांबवलं. काकूंनी फडकं शोधलं, कडेकडेने हात फिरवत ओटा पुसला, परत एकदा पुसला. पुसून झाल्यावर त्या सुनेला म्हणाल्या, "अगं, तू बस. मी वाढते."

ती सून वाईट नव्हती. तिच्या जागी मी असते तर मीही धावले असते. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं काम काढून घेणं हे सेवेचं लक्षण समजलं जातं. त्या सेवेने माणूस खुर्चीत बसतो आणि उठत नाही, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता ते सांगताना मी संकोचत नाही.

मात्र मला जास्त राग येतो तो आमच्याकडे माणसं फार उशिरा पोचतात याचा. काकूंना डोळ्यांच्या डॉक्टरांनी "आता काही करता येणार नाही" असं सांगून घरी पाठवलं होतं. इंजेक्शनं, लेसर, शस्त्रक्रिया यांच्यापुरतं ते खरं असेल. पण ते वाक्य ऐकून घरच्यांनी सगळंच संपलं असं धरलं आणि दोन वर्षं खुर्चीत गेली. त्याच दिवशी डॉक्टरांनी एक फोन नंबर दिला असता तर? हूव्हर युद्धानंतर वैद्यक शिकून स्वतः नेत्रतज्ज्ञ झाले. काठी आणि दवाखाना एकाच माणसात नांदू शकतात हे त्यांनी दाखवलं, तरी आजही बऱ्याच दवाखान्यांतून आमच्याकडे चिठ्ठी येत नाही.

तेव्हा वाचकहो, घरात कुणाची दृष्टी जात असेल तर डॉक्टरांना पुढचा प्रश्न विचारा: दृष्टी पुनर्वसनासाठी कुणाकडे जायचं? अमेरिकेतल्या प्रत्येक राज्यात हे काम करणारी सरकारी यंत्रणा आहे, आणि 55 वर्षांवरच्यांसाठी केंद्र सरकारच्या पैशातून चालणारी वेगळी योजना आहे. न्यू जर्सीत 1910 पासून अंधांसाठीचं राज्य कमिशन आहे आणि न्यू ब्रन्सविकला त्याचं जोसेफ कोन प्रशिक्षण केंद्र आहे. इलिनॉयची हॅडली ही संस्था 1920 पासून घरबसल्या शिकवते, पैसे घेत नाही. पूर्ण दृष्टी जाईपर्यंत थांबू नका. थोडं दिसत असताना शिकणं सोपं जातं. आणि शिकवणारी घरी आली की पहिला तासभर तुम्ही स्वयंपाकघराच्या बाहेर बसा.