भास्करची भूमिका

महेश एलकुंचवारांशी माझी ओळख नाही. एका सभागृहात मागच्या रांगेत बसून त्यांना ऐकलं, एवढाच काय तो प्रत्यक्ष संबंध. तरीही माझ्या घरची माणसं आज मला धरून आहेत, याचं बरंच श्रेय त्यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ या नाटकाकडे जातं. हे ऋण फिटण्यातलं नाही. निदान ते मान्य करावं, म्हणून हे लिहितो आहे.

माझं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. एलकुंचवारांचा जन्मही याच जिल्ह्यात, पारव्याला, 1939 साली झाला. मी नागपुरात इंजिनिअरिंग शिकत होतो तेव्हा ते त्याच शहरात इंग्रजी शिकवत होते आणि नाटककार म्हणून त्यांचं नाव देशभर झालं होतं. मला त्याचा पत्ता नव्हता. अभ्यास, परीक्षा आणि नोकरी यांपलीकडे काही असतं, हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी सिंगापूरला आलो. दर रविवारी घरी फोन व्हायचा. इथलं घड्याळ अडीच तास पुढे, त्यामुळे आमचं जेवण आटोपून मी फोन लावायचो तेव्हा तिकडे सकाळचा स्वयंपाक चाललेला असायचा. आईबाबा दोन-दोन मिनिटं बोलायचे. दादा मात्र ‘बरं आहे’, ‘चाललंय’ एवढंच बोलून फोन वहिनींकडे द्यायचा. त्याच्या तुटक बोलण्याचं मला वाईट वाटे. पैसे मी वेळेवर पाठवत होतो, सणावाराला जीव तुटत होता, आणि घर सोडल्याचं दुःख सगळं माझ्याच वाट्याला आलं आहे अशी माझी पक्की समजूत होती. परदेशात ही समजूत जोपासायला सोबतही भरपूर मिळते. चार मराठी माणसं जमली की बोलणं तिथेच येऊन थांबतं.

इथल्या महाराष्ट्र मंडळामुळे वाचणारी माणसं भेटली. ‘ऋतुगंध’ हे मंडळाचं नियतकालिक हाती आलं आणि नोकरी-संसार सांभाळून लोक मनापासून लिहितात हे पाहिलं. त्याच ओळखीतून एका काकूंच्या घरी नाटकाच्या अभिवाचनाला गेलो. क्लेमेंटीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये सतरंजीवर सगळे बसलेले, हातात ‘वाडा चिरेबंदी’च्या झेरॉक्स प्रती. नाटकातल्या, मुंबईला राहणाऱ्या सुधीरची भूमिका आपल्याकडे येणार असं मी धरून चाललो होतो. काकू म्हणाल्या, “तू भास्कर वाच. तुझी भाषा तिकडची आहे.”

भास्कर हा धरणगावच्या देशपांड्यांचा थोरला मुलगा, वाड्यात मागे राहिलेला. वडील गेले आहेत आणि धाकटा भाऊ सुधीर बायकोला घेऊन मुंबईहून आला आहे. दिवसांचा खर्च समोर आहे, हातात पैसा नाही आणि गावात देशपांड्यांचं नाव राखायचं आहे. दारात गंजून गेलेला ट्रॅक्टर पडलेला आहे. मुकाट्याने घरचं सगळं ओढणारा चंदू आहे. शिकायची इच्छा असताना शिकू न दिलेली प्रभा आहे. गेलेल्या मुलाची पुन्हा पुन्हा चौकशी करणारी दादी आहे. 1985 साली विजया मेहतांनी हे नाटक रंगमंचावर आणलं, तेव्हा विदर्भातल्या एका ब्राह्मण घराची गोष्ट म्हणून ते पाहिलं गेलं असेल. मला मात्र ते सिंगापुरात माझ्या घराची गोष्ट म्हणून भेटलं. आमच्याकडची बोली, आमच्याकडचे अबोले, सगळं तिथे होतं.

भास्करची वाक्यं मला मोठ्याने म्हणायची होती. पहिल्या अंकात मी ती नुसती वाचली. पुढे पुढे आवाज बदलायला लागला. मागे राहिलेल्याला कुणी ‘कसा आहेस’ विचारत नाही, ‘घर कसं आहे’ विचारतात, हे मला त्या संध्याकाळी कळलं. जाणाऱ्याला निरोप मिळतो आणि आला की कौतुक मिळतं. राहणाऱ्याला म्हातारपणं, आजारपणं, शेतीची कर्जं आणि गावाची बोलणी मिळतात. त्याने जायचं ठरवलं असतं तर दुसऱ्याला जाता आलं नसतं, ही साधी गोष्ट माझ्या मनात तोवर कधी आली नव्हती. दादाचं ‘बरं आहे’ मला त्या सतरंजीवर बसून पहिल्यांदा ऐकू आलं.

एलकुंचवारांनी त्या नाटकात कुणालाच दोषी ठरवलेलं नाही. भास्करमध्ये लोभ आहे, सुधीरमध्ये हिशेब आहे, वहिनींमध्ये दागिन्यांची आस आहे. तरी त्यांतल्या कुणाचा राग धरून ठेवता येत नाही, कारण प्रत्येकाची बाजू लेखकाने त्याच्याच जागी उभं राहून मांडली आहे. माणसाकडे असं बघायचं असतं, हे मी शाळा-कॉलेजात शिकलो नाही. ते या नाटकाने शिकवलं.

2008 साली बाबा गेले. मी पोहोचलो तेव्हा दादा ओसरीवर लोकांत बसला होता. तो एकटा होईपर्यंत थांबलो आणि त्याच्याजवळ जाऊन नुसता बसलो. रात्री स्वयंपाकघरात वहिनींना म्हटलं, “वहिनी, तुम्ही किती वर्षं हे सगळं केलंत, मी कधी विचारलंच नाही. आता सांगा.” त्या आधी काही बोलल्या नाहीत. मग भिंतीवरचं कालनिर्णय काढून त्यांनी माझ्यासमोर धरलं. तारखांच्या चौकोनांत दुधाच्या हिशेबाबरोबर बाबांच्या साखरेचे आकडे होते. इन्सुलिनच्या वेळा होत्या, नागपूरला तपासायला नेल्याच्या खुणा होत्या. आणि प्रत्येक रविवारी बारीक अक्षरात ‘सिं. फोन’ लिहिलेलं होतं. “त्या दिवशी बाबा सकाळपासून नीट जेवायचे,” वहिनी म्हणाल्या. मग त्या बराच वेळ बोलत राहिल्या आणि मी ऐकलं. घराच्या वाटण्यांचं बोलणं पुढे निघालं तेव्हा आमच्यात कडवटपणा आला नाही. त्याचं मूळ या रात्रीत आहे.

ऑगस्ट 2011 मध्ये तिसरं विश्व मराठी साहित्य संमेलन सिंगापूरला भरलं आणि एलकुंचवार त्याचे अध्यक्ष होते. ज्यांच्या नाटकाने माझं घर मला परत दिलं, ते माझ्या राहत्या शहरात आले होते. मी सभागृहात शेवटपर्यंत बसलो. पुढे जाऊन आभार मानावेत असं फार वाटलं, पण दोन वाक्यांत मावेल असं ते काही नव्हतं. तेव्हा न बोललेलं आज या लेखात बोलतो आहे.

त्यानंतर त्यांचं बाकीचं लेखन मिळेल तसं वाचलं. ‘वाडा चिरेबंदी’ला जोडून आलेली ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही नाटकं वाचली. ‘युगान्त’ला 2002 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, हे मला फार उशिरा समजलं. या त्रयीत पराग आणि अभय हे चुलतभाऊ एकमेकांशी जे बोलू शकतात, ते त्यांच्या वडिलांना जमलेलं नाही. ते वाचल्यापासून इथल्या शाळांना नोव्हेंबर-डिसेंबरची मोठी सुट्टी लागली की मुलं गावी दादाकडे जातात. दादाची मुलं आणि माझी मुलं आता आम्हाला मध्ये न घेता एकमेकांशी फोनवर बोलतात, भांडतात, परत बोलतात. आम्हा दोघा भावांची बरीच वर्षं अबोल्यात गेली. ती त्यांची जाऊ नयेत, एवढीच इच्छा आहे.

मी लेखक नाही आणि नाटकाचा जाणकारही नाही. साहित्याने माणूस सुधारतो असा मोठा दावा मी करणार नाही. माझ्यापुरतं खरं एवढंच आहे की, स्वतःच्या दुःखाभोवती फिरणाऱ्या मला एका नाटकाने दुसऱ्याच्या जागी बसवलं, आणि तिथून माझं घर मला पहिल्यांदा पुरतं दिसलं. या ऋणात एलकुंचवारांबरोबर क्लेमेंटीच्या काकूही आहेत, ज्यांनी सुधीर माझ्या हाती दिला नाही.

घरापासून लांब राहणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे. चार माणसं जमवा आणि ‘वाडा चिरेबंदी’ मोठ्याने वाचा. वाचताना आपली भूमिका घेऊ नका. जो मागे राहिला आहे, त्याची घ्या. आणि वाचून झालं की त्याला फोन करा.