सागवानी नंदी

मला हे आजवर कोणी सांगितलं कसं नाही? साताऱ्यात वाढले, पुण्यात शिकले, पोळा म्हणजे बैलांचा सण हे शाळेतल्या निबंधातून पाठ. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा स्वतःचा पोळा भरतो, त्याला तान्हा पोळा म्हणतात, आणि त्यात मुलं चाकांवरचे लाकडी बैल दोरीने ओढत घरोघर जातात, हे मला बँकेने गोंदियाला पाठवल्यावर कळलं. तेव्हापासून भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे. साताऱ्याच्या मैत्रिणी फोन उचलताना म्हणतात, बोल, आज बैलाचं काय नवीन?

आमच्याकडे बेंदूर. आषाढात कुंभाराकडून मातीची बैलजोडी आणायची, पाटावर पूजायची, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा. त्या बैलांना हात लावला की आजी ओरडायची, कारण शिंग लगेच तुटायचं. म्हणजे बैल होता, पण खेळायचा नव्हता. महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापुरातून निघते, सातारा-पुणे करत सबंध राज्य ओलांडते आणि गोंदियाला थांबते. त्या एकाच गाडीच्या दुसऱ्या टोकाला बैल पाटावरून उतरून रस्त्यावर धावायला लागतो, याची आम्हाला गंधवार्ता नव्हती!

झालं असं की श्रावण सरत आला होता आणि घरमालकीण आजींनी माझ्या पाच वर्षांच्या लेकीकडे बघून विचारलं, "पोरीले नंदी घेतला का जी?" मला वाटलं, महादेवासमोरचा नंदी. मी म्हटलं, देवघरात पिंड आहे की. आजी हसल्या आणि नातवाला माळ्यावर चढवलं. जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं एक वजनदार गाठोडं खाली आलं. आत हातभर लांबीचा सागवानी बैल. पाठीवरचा रंग उडालेला, एक कान नव्याने बसवलेला, पण चाकं अशी फिरत होती की जमिनीवर ठेवताच तो स्वतःहून पुढे सरकला. तो आजींच्या यजमानांच्या लहानपणचा. मग त्यांच्या मुलाने ओढला, आता नातू ओढतो. दरवर्षी पोळ्याआधी त्याला नवा रंग मिळतो, चाकांना तेल मिळतं, आणि सण झाला की परत लुगडं आणि माळा.

तीन पिढ्या एक खेळणं! माझ्या घरात एक आख्खा खोका भरून खेळणी होती आणि त्यातलं एकही मागच्या दिवाळीच्या पलीकडचं नव्हतं.

गोरेलाल चौकाकडच्या बाजारात गेले तेव्हा तर डोळेच फिरले. रंगीत, बिनरंगी, वीतभर, हातभर, बैलजोडी, नुसता एकटा नंदी, सगळे चाकांवर ओळीने उभे. शेजारी झुली, घुंगरमाळा, बेगडाची बाशिंगं, कवड्या. आणि त्यांच्यातच फायबरचे आणि प्लास्टिकचे बैलही, चकचकीत, एका साच्यातून निघालेले, सगळ्यांचे डोळे एकाच दिशेला. स्वस्त होते. मी त्यांच्याकडे हात नेत होते, तेवढ्यात सोबत आलेल्या आजींनी माझा हात धरून बाजूला घेतलं आणि सुताराकडे नेलं.

तो सुतार एरवी दारं-खिडक्या करतो. पोळ्याआधीचे काही आठवडे मात्र त्याच्या दुकानात बैलच बैल. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाचा हा जिल्हा, इथल्या माणसांना लाकूड ओळखता येतं. साग वेगळा, शिवण वेगळी, हळदू वेगळा, आणि ज्याला धड नाव घ्यायची गरज नाही ते आडजात. चौकटी आणि पलंग करताना उरलेले सागाचे ठोकळे तो वर्षभर बाजूला टाकतो. वाकसाने अंगाचा ढोबळ आकार काढायचा, मग पटाशीने वशिंड, मान, पोळी, मग कानस, मग घासकागद. पाय वेगळे करून अंगात कुसू घालून ठोकतो. खिळा शक्यतो नाही. मी विचारलं, का हो? तर म्हणाला, "लाकूड पावसात फुगते, उन्हात आटते. खिळा थोडीच फुगते? तो ढिला होते न् पोराच्या हाताले लागते." इतकं साधं! मुलांच्या खेळण्याबद्दलचं हे इतकं नेमकं शहाणपण मला आजवर कुठल्याही खोक्यावर छापलेलं दिसलं नव्हतं.

मग त्याने मला बैल पारखायला शिकवला. हातात घेऊन वजन बघायचं, हलका लागला तर ठेवून द्यायचा. पोटाखाली, जिथे रंग कंजूषपणे लावलेला असतो, तिथे लाकडाच्या रेषा बघायच्या. लांबीने म्हणजे पुट्टीने भेगा बुजवल्या असतील तर तिथे बोट फिरवलं की थंड, गुळगुळीत लागतं. शिंगं आणि कान धरून हलवायचे, कारण पोरं बैलाला उचलतात ते नेमके तिथूनच. आणि सगळ्यात महत्त्वाचं चाक. कणा चाकाच्या मधोमध नसेल तर बैल लंगडतो, लंगडला की उलटतो, आणि उलटला की पोर रडतं. हे सगळं तो सांगत होता आणि माझी लेक खाली बसून अर्धवट झालेला, बिनडोळ्यांचा बैल भुश्यातून फिरवत होती. तिने निवड केव्हाच केली होती.

घरी आल्यावर मी वाचत सुटले. मन शांत होईना. भारतीय गुणवत्ता परिषदेने 2019 मध्ये आयात खेळणी तपासली तेव्हा सुमारे 67 टक्के नमुने चाचणीत नापास झाले होते. तीनातली दोन! मऊ प्लास्टिकला लवचीक करणारी थॅलेट नावाची रसायनं, रंगातले जड धातू, सहज निखळणारे बारीक भाग, ही त्या भानगडीतली नेहमीची नावं. त्यानंतर सरकारने फेब्रुवारी 2020 मध्ये खेळण्यांवरचं आयातशुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर नेलं, आणि 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. बाजारातलं खेळणं घेताना मी आता खोका उलटा करून आधी ते चिन्ह शोधते. नाही दिसलं, तर लेकीने कितीही भोकाड पसरलं तरी परत ठेवते. बटणाएवढ्या बॅटरीवर चालणारं काही असेल तर तिचं झाकण स्क्रूने बंद आहे का तेही बघते, कारण ती बॅटरी पोटात गेली तर आतून भाजते.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर आमच्या सुताराच्या बैलावर असलं कुठलंच चिन्ह नाही. नोंदणी केलेल्या हस्तकला कारागिरांना त्या सक्तीतून सूट आहे, आणि गावच्या सुताराच्या दारात तपासणीला कोण येणार? म्हणूनच पारख आपल्या हातात घ्यायची. एक गोष्ट मात्र मी अडून विचारली: रंग कुठला? जुन्या तैलरंगांत शिसं भरपूर असायचं. घरगुती रंगांत ते दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम 2017 पासून लागू आहे. मी नवीन डबा, डब्यावर शिसेविरहित लिहिलेलं बघून आणून दिला आणि आमचा नंदी त्याच रंगात रंगवून घेतला. सुताराला हसू आलं, पण त्याने रंगवला. माळ्यावरचा जुना नंदी घरात असेल तर तो पुन्हा रंगवण्याआधी ही काळजी तुम्हीही घ्या, आणि जुना रंग घासताना पोरांना लांब ठेवा.

वाचता वाचता मी दायमाबादला पोचले! अहमदनगर जिल्ह्यातलं, आताच्या अहिल्यानगरमधलं, प्रवरेकाठचं हे गाव. तिथे 1974 मध्ये एका झाडाच्या मुळाशी खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला रथ, त्यात उभा माणूस. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचे, आणि चाकांवर. ते काही मुलांचं खेळणं नव्हतं, सगळ्यांचं मिळून वजनच साठ किलोंच्या वर आहे. पण हडप्पा संस्कृतीतल्या मातीच्या बैलगाड्या तर सर्रास सापडतात. चाकावरचा बैल या मातीत इतका जुना आहे आणि आपण पोरांना चाकावर काय देतो? तर दुसऱ्या देशातल्या सिनेमातली मोटार.

आणि मृच्छकटिक! शूद्रकाच्या त्या नाटकाचं नावच मातीच्या गाडीवरून आलेलं. आपल्या रंगभूमीवर ते देवलांनी संगीत करून आणलं. चारुदत्ताच्या लहानग्याला शेजारच्या मुलासारखी सोन्याची गाडी हवी असते, हातात मातीची असते म्हणून तो रडतो, आणि वसंतसेना आपले दागिने त्या मातीच्या गाडीत भरते. दुसऱ्याच्या पोराकडे आहे ते मला हवं, हे रडणं जाहिरातींनी आणलेलं नाही, फार जुनं आहे, हे कळून मला बरंच हायसं वाटलं.

महाग तेच चांगलं, असंही मी म्हणत नाहीये. बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मॉन्टेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, शंख-शिंपले, खडे, काड्या यांवर आदिवासी पोरांची बालवाडी उभी केली. शहरातल्या दुकानात 'नैसर्गिक लाकडी' अशी चिठ्ठी लावून एकेक ठोकळा हजारांत विकतात, ते बघून मला हसूच येतं. आमचा नंदी एका चांगल्या बॅटरीवरच्या मोटारीपेक्षा स्वस्तात आला. आणि दिखाऊपणा इथेही शिरला आहे बरं का! मोठ्या बैलांच्या किमती ऐकून मी हबकले. पोराला ओढता येत नाही एवढा नंदी घेऊन मिरवणाऱ्या बापांचा तो सण होत चाललाय की काय, अशी शंका येते. नागपूरच्या महालात भोसल्यांच्या वाड्यातून भल्याथोरल्या लाकडी बैलाची मिरवणूक निघते ती गोष्ट वेगळी. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी हा तान्हा पोळा सुरू केला असं सांगतात, त्यांच्या घराण्याला तो शोभतो. आपल्या पोराला त्याच्या गुडघ्याएवढा पुरे.

आणि तो दिवस! पहाटे मारबतीचा पुतळा गावाबाहेर काढला, दुपारनंतर मैदानात तोरणाखाली पोरांची रांग. कुणी शेतकरी झालेलं, कुणी शिवाजी, कुणी नुसतंच नवा शर्ट घालून नाक पुसत उभं. सजावटीला बक्षीसं होती. माझ्या लेकीला मिळालं नाही, तिला त्याचं काही नव्हतं, कारण खरी मजा नंतरची. नंदी ओढत दारोदार जायचं. प्रत्येक दारात बाई बाहेर येते, बैलाला कुंकू लावते आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवते, दहाची नोट, नाहीतर खाऊ. बदलीवर आलेल्या, कोणी न ओळखणाऱ्या आमच्या लेकीला एका संध्याकाळीत अख्खी गल्ली ओळखायला लागली. "कोणाची पोर जी?" "नवीन बँकवाल्या बाईची." झालं! असं दार उघडणारं दुसरं कुठलं खेळणं आहे सांगा. बॅटरीवरची मोटार पोराला कोपऱ्यात बसवते, हा बैल पोराला रस्त्यावर काढतो.

खेळायलाही तो वर्षभर चालतो. आमच्या घरी तो माळ्यावर गेलाच नाही. कधी त्याच्यामागे चपलांच्या खोक्याची बंडी, कधी तो दवाखान्यात आजारी, कधी त्याच्यावर बाहुली बसून साताऱ्याला निघालेली. तो स्वतः काहीच करत नाही, दिवा लावत नाही, गाणं म्हणत नाही, म्हणून सगळं तिलाच करावं लागतं. मध्यंतरी चाक खिळखिळं झालं तेव्हा सुताराने नवा कणा घालून दिला आणि पैसे घेतले नाहीत.

तर विदर्भात कोणी नातलग असेल तर श्रावण लागण्याआधीच फोन करा, आणि बाजारातला नको, सुताराकडचा सांगा. मोजकेच बैल होतात, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी गेलात तर मागे उरलेले असतात ते फायबरचे.