पळसाची तीन पाने

'कुठेही जा, पळसाला पाने तीनच' हे वाक्य आजोबा वारंवार उच्चारीत; परंतु ते समाधानाने उच्चारीत की खंतीने, हे त्यांच्या हयातीत विचारावे असे मला कधी वाटले नाही, आणि आता विचारण्याची खरी निकड उत्पन्न झाली असता उत्तर देणारे कोणी उरलेले नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाले, आणि जवळजवळ शतकभर राजधानी म्हणून नांदलेले नागपूर एका दिवसात ते पद गमावून बसले. सचिवालयातील कारकुनांची वाटणी होऊन कोणी भोपाळला गेले, कोणी मुंबईला. आजोबांच्या वाट्याला मुंबई आली. आजी लेकरांना घेऊन नागपुरातच राहिली. परमुलखात एकट्या पुरुषाला भांडी घासण्याचा त्रास नको म्हणून ते निघताना तिने शंभर पत्रावळी सुतळीने बांधून दिल्या होत्या, असे बाबा सांगतात.

त्या पत्रावळी टाचताना मी आजीला पुढे, तिच्या उतारवयात, पुष्कळदा पाहिले आहे. पळसाच्या देठावर तीन पाने असतात खरी. पण ती सारखी नसतात. मधले मोठे आणि दोन्ही बाजूंना सारखे गोलसर, तर कुशीची दोन लहान, बुडाशी एका अंगाला कललेली. आजी मधली पाने निवडून वेगळी ठेवी, कारण पत्रावळीचा तळ त्यांचाच होई. कुशीची पाने कडेला लागत, आणि बांबूची बारीक काडी दोन पानांच्या जोडातून अशी सराईतपणे जाई की वरण वाढले तरी खाली थेंब उतरू नये. वनस्पतिशास्त्राला विचारावे तर ती तीन पाने नव्हेतच. ते एकच संयुक्त पान, तीन दलांत विभागलेले. आणि फाल्गुनात पळस पेटतो, ज्या रूपात सारे जग त्याला ओळखते, तेव्हा त्याच्यावर एकही पान उरलेले नसते. ज्या म्हणीवर आमच्या घराने दोन पिढ्या भिस्त ठेवली, ती झाडाजवळ जाऊन पाहता इतकी डळमळीत निघावी, याने मी गेले काही दिवस अस्वस्थ आहे.

शिवाय ती कोणत्या पक्षाची साक्षीदार, हेही ठरत नाही. सर्वत्र सारखेच असेल तर जावे कशाला, असा तिचा अर्थ होतो. आणि सर्वत्र सारखेच असेल तर जाण्याचे भय कशाला, असाही होतो.

माझ्या व्यवसायापुरते पाहिले तर म्हण खरी ठरल्यासारखी दिसते. नागपुरातील परसोडीच्या आयटी पार्कात बसून मी लिहिलेला कोड मुंबईतील सर्व्हरवर चालतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे आमच्यामधले ८०० किलोमीटर तो सेकंदाच्या चार सहस्रांशांत ओलांडतो. आजोबांना त्यासाठी अख्खी रात्र आगगाडीत काढावी लागे. माझे काम केव्हाच राजधानीत जाऊन राहिले आहे. प्रश्न उरतो तो माझ्या देहाच्या मुक्कामाचा.

आणि तो क्षुल्लक नव्हे. तीन वर्षांपूर्वी आमच्या यंत्रणेत एक दोष उद्भवला: रोज दुपारी गर्दीच्या वेळी डेटाबेसच्या जोडण्या संपत आणि सारा व्यवहार अडून बसे. मी चार दिवस एकटा शोधत होतो. पाचव्या दिवशी पवईत बसणाऱ्या एका सहकाऱ्याला फोन केला, तर त्याने पाव तासात जागा दाखवली, कारण त्याच्या शेजारच्या टेबलावरील गृहस्थाने तोच दोष अन्यत्र निस्तरला होता. शेजारचे टेबल ही वस्तू कोणत्याही तारेने पाठवता येत नाही, असे त्या दिवशी मला तीव्रतेने वाटले. मात्र त्या चार दिवसांत यंत्रणेच्या ज्या कानाकोपऱ्यांत मी हिंडलो, त्यांचेच ज्ञान पुढे वर्षभर माझ्या कामी आले, आणि ते त्या सहकाऱ्याजवळ नव्हते, हेही मला नाकारता येत नाही.

येथे एका मित्राची नोकरी गेली तेव्हा ठोठावण्याजोगी दारे दोन-तीनच निघाली, आणि सहा महिन्यांनी तो पुण्यास गेला. तेथे दारे पुष्कळ आहेत. येथे मात्र वीस मिनिटांत घरी पोचता येते, आणि ज्यांची दृष्टी मंदावली आहे त्या बाबांना दिवेलागणीला वर्तमानपत्र वाचून दाखवता येते. अग्रलेख ते पुरता ऐकतात; मधेच थांबवून एखादे वाक्य पुन्हा वाचायला लावतात. या दोन गोष्टी एकाच ताजव्यात घालण्याचा मी प्रयत्न करतो, आणि काटा स्थिर होण्यापूर्वीच वजने बदलतात.

आजोबा निवृत्तीनंतर परतले. मुंबईबद्दल ते वाईट बोलले नाहीत, आणि तेथून आणलेली छत्री अखेरपर्यंत वापरीत राहिले. परंतु त्यांच्या वीस-बावीस वर्षांच्या अनुपस्थितीविषयी आजी कधी एक शब्दही बोलली नाही, आणि मला आता त्या मौनाची त्यांच्या म्हणीपेक्षा अधिक धास्ती वाटते.

त्यांचा बदलीचा हुकूम बाबांच्या ट्रंकेत अजून आहे. काल रात्री तो काढून वाचला. रुजू होण्यास त्यांना आठ दिवसांची मुदत दिलेली होती. मला जावे की राहावे या उत्तरासाठी पंधरा दिवस मिळाले आहेत, आणि त्यांतले अकरा संपले आहेत.