दोन औटे सात

मागच्या महिन्यात सांगलीला लेकीकडे चार दिवस राहून आले. साताऱ्याहून एसटीने तीनेक तास लागतात, पण हल्ली गुडघे कुरकुरतात, म्हणून जाणं कमीच. सांगली हे माझं माहेर. सासर आणि नोकरी दोन्ही सातारा जिल्ह्यात.

नातू पाचवीत आहे, इंग्रजी माध्यमात. रात्री जेवणं झाल्यावर वही घेऊन माझ्याजवळ आला. गणितं होती मिक्स्ड नंबरचं इम्प्रॉपर फ्रॅक्शन करायची. आमच्या भाषेत पूर्णांकयुक्त अपूर्णांकाचं अंशाधिक रूप. ३ १/२ असेल तर तीन दुणे सहा, सहा अधिक एक सात, खाली छेद दोन. झाले ७/२. रीत त्याला पाठ होती. भराभर चार गणितं केली आणि मग पेन्सिल चावत म्हणाला, "आजी, इम्प्रॉपर म्हणजे वाईट ना? मग चांगल्या आकड्याला वाईट कशाला करायचं?"

मला हसू आलं. म्हटलं, "अरे, मराठीत त्याला कुणी वाईट म्हणत नाही. वरचा अंश खालच्या छेदापेक्षा अधिक, म्हणून अंशाधिक. एवढंच."

"बरं. पण आधी गुणायचं आणि मग मिळवायचं, असं का?"

मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. इतकी वर्षं वर्गात फळ्यावर हीच रीत लिहिली. 'का' विचारल्यावर माझ्याकडे पुन्हा तीच रीत होती. "उद्या सांगते," म्हणून त्याला झोपायला पाठवलं. मला मात्र झोप येईना. एक जुनी वही आठवत राहिली.

त्या वहीकडे जाण्याआधी माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. दादा सांगलीच्या हळद पेठेत दिवाणजी होते. संध्याकाळी दिवा लागला की आम्हा भावंडांना ओळीने बसवून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी म्हणून घ्यायचे. औट म्हणजे साडेतीन. 'औट घटकेचं राज्य' म्हणतो ना, तेच हे औट. एक औटे औट, दोन औटे सात, तीन औटे साडेदहा, चार औटे चौदा... सुरात म्हणायचो, अर्थ कुणाला हवा होता! १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा मी अगदी लहान होते, पण घरातली मोठी माणसं पुढे कितीतरी दिवस आण्यातच बोलत. तीन रुपये पाच आणे म्हटलं की दादा क्षणात म्हणत, "त्रेपन्न आणे." सोळा त्रिक अठ्ठेचाळीस आणि पाच. आता बघा, हेच की ३ ५/१६ म्हणजे ५३/१६! पण शाळेत अपूर्णांक आले तेव्हा ते मला निराळंच काहीतरी वाटले. घरचा हिशेब आणि शाळेचं गणित यांची माझ्या डोक्यात कधी गाठच पडली नाही.

मी बी.ए. मराठीची. गणिताला शिक्षक नव्हते म्हणून पाचवीचं गणित माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगते, मला भीती वाटायची. त्यामुळे रीत घट्ट धरून ठेवायचे. रीत सुटली की मीही बुडणार!

१९८४ ची गोष्ट. घटक चाचणीत एका मुलीची पाचही उत्तरं बरोबर होती, पण पायऱ्या एकाही गणिताला नव्हत्या. ३ १/२ = ७/२ आणि त्याखाली बारीक अक्षरात फक्त 'दोन औटे सात'. मी तिला उभं केलं. "कुणाचं बघून लिहिलंस?"

"नाय बाई. आज्यानं शिकिवलंय. औटकीत हाय."

"औटकी आता पुस्तकात नाही. रीत कुठाय?"

पोरं हसली. मी लाल शाईने काट मारली आणि शून्य दिलं. औटकी मलाही पाठ होती हो! पण मी तिला तसं म्हटलं नाही. त्या दिवसानंतर त्या मुलीचा हात वर्गात कधी वर झालेला मला आठवत नाही. सातवीनंतर तिची शाळा सुटली. त्या काळी खेड्यात बऱ्याच मुलींची सुटायची, कारणं घरची असायची. माझ्या शून्यामुळे सुटली असं मी म्हणत नाही. पण ते शून्य माझंच होतं.

तिने लिहिलं होतं ते उत्तराचं कारण होतं. हे मला कळायला चाळीस वर्षं आणि नातवाचा एक प्रश्न लागला. साडेतीन दोनदा घेतले की सात होतात, म्हणून साडेतीन हा सातचा अर्धा, ७/२. संपलं! ३ २/५ घ्या. पाचदा घेतलं तर तिनाचे झाले पंधरा आणि दोन पंचमांशांचे झाले पूर्ण दोन. एकूण सतरा. म्हणून मूळची संख्या सतराचा पाचवा भाग, १७/५. गुणायचं का आणि मिळवायचं का, दोन्ही त्यात आलं.

सकाळी नातवाला हेच भाकरीवर दाखवलं. तीन भाकरी अर्ध्या-अर्ध्या केल्या, शेजारी एक अर्धी ठेवली. त्याने तुकडे मोजले, सात. मग म्हणाला, "पण मुळात बदलायचंच कशाला?" म्हटलं, अडीच रुपये मीटरची लेस दीड मीटर घे, किती झाले? त्याने दोन एके दोन, अर्ध्याचा अर्धा पाव, असं करून सव्वादोन सांगितले. "अरे, एका मीटरचेच अडीच झाले की! वरच्या अर्ध्या मीटरचे सव्वा कुठे गेले?" मग ५/२ गुणिले ३/२ केलं, १५/४ आले. म्हणजे पावणेचार. त्याने लिहिलं ४ ३/४! पावणेचार म्हणजे पाव कमी चार, हे त्याच्या कानावरून गेलेलंच नव्हतं. चार भाकरींचे सोळा पाव, त्यातला एक काढला, राहिले पंधरा. तेव्हा पटलं.

परत आल्यावर वाचनालयातून लीलावतीचं मराठी भाषांतर आणलं. भास्कराचार्यांनी ११५० साली हे दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी ठेवलेत. पूर्णांकात भाग मिळवला तर भागानुबंध, वजा केला तर भागापवाह. पूर्णांकाला छेदाने गुणा, मग अंश मिळवा किंवा वजा करा. उदाहरण काय दिलंय? पाव जास्त दोन आणि पाव कमी तीन. आपले सव्वादोन आणि पावणेतीन! उत्तरं ९/४ आणि ११/४. माझ्या फळ्यावरची रीत एवढी जुनी. पण त्या मुलीच्या आज्याची औटकी तिच्या विरुद्ध कुठे होती? दोन्ही एकाच घरातल्या. मीच मध्ये लाल रेघ ओढली.

निघायच्या दिवशी नातवाने वही दाखवली. पायऱ्या नीट लिहिल्या होत्या आणि ३ १/२ च्या खाली देवनागरीत 'दोन औटे सात'. माझ्या पोटात गोळाच आला. लेक म्हणाली, "आई, मिस ओरडतील, पुसू का?" मी म्हटलं, "नको. विचारलं तर तो सांगेल." वही अजून तपासून आलेली नाही. दर रविवारी फोनवर विचारते.

असो. तुमच्यापैकी कुणाला औटकी शेवटपर्यंत येत असेल तर जरूर कळवा. माझी गाडी पंधरा औटे साडेबावन्नला अडते.