शिंपल्याच्या मुठीचे चाकू

माझ्याकडे एकतीस चाकू आहेत. माझ्यासारख्या नावाच्या माणसाने असे वाक्य लिहिले की ते कसे वाचले जाते, याची मला कल्पना आहे. म्हणून आधीच सांगून टाकतो. यातला सगळ्यात मोठा चाकू उघडला तर त्याचे पाते तीन इंच भरते. सगळ्यात छोटा मिटलेला असताना माझ्या करंगळीपेक्षा लहान आहे. सगळे जुने, खिशात ठेवायचे, घडीचे. बहुतेकांची पाती घासून घासून अर्धी झालेली आणि सगळ्यांच्या मुठी शिंपल्याच्या.

शिंपला म्हणजे आपल्या किनाऱ्यावर सापडतो तो पातळ शिंपला नव्हे. मोत्याच्या मोठ्या कालवाचा जाड, आतून चकाकणारा थर. उर्दूत याला सदफ म्हणतात. खडूत आणि संगमरवरात असतो तोच चुना यात असतो, पण इथे तो अतिशय पातळ चकत्यांच्या रूपात एकावर एक रचलेला असतो. एका चकतीची जाडी मिलिमीटरच्या साधारण दोन हजाराव्या भागाइतकी, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास. त्यामुळे वेगवेगळ्या थरांवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि मूठ जरा हलवली की कधी गुलाबी, कधी हिरवी झाक दिसते. रंग कुठेही लावलेला नसतो. शंभर वर्षे कुणाच्या तरी खिशात घासला गेलेला चाकू, पाते गंजलेले, कमान सैल, पण मूठ खिडकीपाशी नेली की अजून तशीच. मला या वस्तूंची ओढ लागली ती यामुळे.

मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटच्या आसपास, जुम्म्याच्या सकाळी रस्त्यावर चादरी अंथरून जुना माल मांडतात. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. सुट्टी असेल तेव्हा मी तिथे जातो. चांगल्या स्थितीतले चाकू काचेच्या कपाटात असतात आणि त्यांच्या किमती शिक्षकाच्या पगाराला झेपत नाहीत. माझे चाकू चादरीवरचे असतात, कुलपे, नळाच्या तोट्या, बंद पडलेली घड्याळे यांच्या ढिगातले. दीडशे रुपये, दोनशे, फार तर चारशे. एका बाजूची शिंपल्याची पट्टी फुटलेली असली की भाव निम्म्यावर येतो आणि माझे काम होते.

नकली मालही पुष्कळ असतो. सेल्युलॉइडच्या पट्टीवर शिंपल्यासारखी चमक आणण्याची युक्ती जुनी आहे. ओळखायचे सोपे आहे. खरा शिंपला गालाला लावला तर गार लागतो आणि ऊन व्हायला वेळ घेतो. सेल्युलॉइड लगेच कोमट होते आणि अंगठ्याने जोरात घासले तर कापराचा वास येतो. शिवाय नकली पट्टीवर एकच नक्षी पुन्हा पुन्हा दिसते. खऱ्या शिंपल्यात दोन पट्ट्या कधीच सारख्या नसतात, एकाच चाकूच्या दोन बाजूसुद्धा नाहीत. काही चाकूंना कासवाच्या कवचाची मूठ असते. ते मी हातात घेऊन परत ठेवतो. समुद्री कासवांना आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे आणि ती मूठ घेण्याची मला इच्छाही होत नाही.

यातले बरेच चाकू इंग्लंडमधल्या शेफील्ड गावचे. काही जर्मनीतल्या झोलिंगेनचे. पात्याच्या बुडाशी बारीक अक्षरांत गावाचे किंवा कारखान्याचे नाव कोरलेले असते, ते वाचायला मी भिंग वापरतो. जोसेफ रॉजर्स या शेफील्डच्या कंपनीची खूण म्हणजे एक तारा आणि एक क्रूस. माझ्याकडच्या दोन चाकूंवर ती आहे. ब्रिटिश राजवटीत हा माल इथे मोठ्या प्रमाणात येत होता. साहेब गेले, त्यांच्या बंगल्यांतले सामान विकले गेले आणि हात बदलत बदलत चादरीवर आले.

दोन चाकू मात्र वेगळे आहेत. त्यांची पाती पोलादाची नसून चांदीची आहेत. चांदीच्या चाकूने काय कापणार, असे माझ्या मुलाने विचारले होते. उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. लोखंडी विळीवर कैरी किंवा लिंबू चिरले की फोडींच्या कडा काळ्या पडतात आणि चव बिघडते. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने 1913 मध्ये न गंजणारे पोलाद तयार केले. त्याआधी सगळीकडे हीच अडचण होती. म्हणून इंग्लंडमधले पैसेवाले लोक फळांसाठी चांदीच्या पात्याचा चाकू खिशात बाळगत. पात्यावर सरकारी तपासणीचे शिक्के असतात. सिंह म्हणजे चांदी अस्सल, हजारात 925 भाग. मुकुट म्हणजे शेफील्डमध्ये तपासलेली. एक अक्षर म्हणजे वर्ष. आणि राणीचे डोके असेल तर कर भरल्याची खूण. हे डोके उमटवणे 1890 मध्ये बंद झाले. माझ्या एका चाकूवर ते आहे, म्हणजे तो त्याआधीचा. त्याची एक पट्टी तडकलेली आहे, म्हणून सहाशे रुपयांत मिळाला. माझ्या संग्रहातली ही सगळ्यात महाग वस्तू.

फळांचा चाकू म्हटले की मला सूरह यूसुफ आठवते. मिस्रच्या त्या बायकांच्या हाती एकेक सुरी दिलेली होती. कुरआनात तिथे शब्द आहे ‘सिक्कीन’. ती फळे कापण्यासाठी होती, असे तफसीर लिहिणारे सांगतात. यूसुफ अलैहिस्सलाम समोर आले आणि बायकांचे भान हरपले, बोटे कापली गेली. लहानपणी मदरशात हा प्रसंग ऐकताना आम्हा मुलांचे लक्ष रक्ताकडे असायचे. आज माझे लक्ष आधीच्या क्षणाकडे जाते. पाहुण्या आल्या आहेत, तक्के मांडले आहेत, फळे ठेवली आहेत आणि प्रत्येकीच्या हाती एक छोटी सुरी आहे. म्हणजे सुरी हा पाहुणचाराचा भाग होता.

पण माझ्या पेशाच्या जवळचे चाकू दुसरेच. इंग्रजीत या छोट्या चाकूला पेननाइफ म्हणतात. खिशात पेनासारखा राहतो म्हणून नव्हे, तर पिसाच्या लेखणीला टोक करायला वापरत म्हणून. आपल्याकडे यासाठी फारसीतून आलेला फार सुंदर शब्द आहे, कलमतराश. कलम तासणारा. तुर्कस्तानच्या उस्मानी काळातले खुशनवीस आपल्या कलमतराशाला फार जपत. त्याच्या मुठी हस्तिदंताच्या, पोवळ्याच्या, शिंपल्याच्या असत. मराठीतही बोरू होताच. मोडीची कितीतरी दफ्तरे बोरूने लिहिलेली आहेत आणि बोरू आहे तिथे तो तासायला चाकू आहे. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माणसाला हे एक नाते फार आवडते. दोन लिप्या वेगवेगळ्या बाजूंनी निघतात, पण दोघींची लेखणी तासायला चाकू एकच लागतो.

चाकू हातात घेतला की तो कुणी बनवला, हा प्रश्न येतोच आणि तिथे सगळे सुंदर नाही. मुठीला लागणारा जाड शिंपला पुष्कळसा ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावरून, ब्रूम गावाकडून यायचा. तिथले कालव फूटभर रुंद वाढतात. सुरुवातीला तिथल्या आदिवासी स्त्रीपुरुषांना जबरदस्तीने समुद्रात उतरवले गेले. पुढे जपानी आणि मलाय पाणबुडे आले. खोल पाण्यातून घाईने वर आले की रक्तात वायूचे बुडबुडे होतात, त्याने माणूस लुळा होतो किंवा मरतो. कित्येक जण वादळांत गेले. ब्रूमच्या जपानी दफनभूमीत नऊशेहून अधिक लोक आहेत. आणि शेफील्डमध्ये पाती घासणारे मजूर दगडाच्या धुळीने छातीच्या रोगाला बळी पडत. फ्रेडरिक एंगल्सने 1845 च्या आपल्या पुस्तकात याबद्दल लिहिले आहे. कोरड्या दगडावर घासणारे सरासरी पस्तिशीपर्यंतही जेमतेम पोचत, ओल्या दगडावर घासणारे पंचेचाळिशी क्वचितच ओलांडत. मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे. दोनशे रुपयांची वस्तू आहे म्हणून तिची किंमत दोनशेच होती, असे मला म्हणवत नाही.

घरी आणल्यावर मी फार काही करत नाही. कोरड्या फडक्याने पुसतो, सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडतो, गंज हळूहळू काढतो. पितळ उजळायला आपण चिंच किंवा लिंबू वापरतो, ते इथे चालत नाही. शिंपला चुन्याचा असल्याने आंबट लागले की त्याची चमक खाल्ली जाते. खिळ्यांवर जोर द्यायचा नाही, तडा नेहमी खिळ्यापासूनच सुरू होतो.

आता ज्या गोष्टीमुळे लिहायला बसलो ती. पूर्वी एक छोटा कलमतराश माझ्या पिशवीत पेन-पेन्सिलींबरोबर असायचा. एकदा एका रेल्वे स्थानकावर पिशव्यांची तपासणी चालली होती. हवालदाराने तो काढला, उलटसुलट पाहिला, हसला आणि परत देणार तेवढ्यात माझे ओळखपत्र मागितले. नाव वाचल्यावर तो चाकू त्याने पुन्हा हातात घेतला. मग मला बाजूला बसवले. पाते दोन इंचांपेक्षा कमी होते. शस्त्र कायद्याच्या नियमांत परवाना लागतो तो नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याला, आणि घरगुती वापराची हत्यारे त्यातूनही वगळलेली आहेत. हे मला माहीत होते. पण तिथे बसल्यावर ते बोलावेसे वाटले नाही. ‘कशाला लागतो?’ ‘कलम तासायला.’ ‘कसली कलम?’ मी वही काढून दाखवली. वीस मिनिटांनी सोडले. कुणी अपशब्द वापरला नाही, कुणी हात लावला नाही. गाडी मात्र गेली.

त्या दिवसापासून चाकू घराबाहेर जात नाही. हा नियम माझा नव्हे, बायकोचा. ‘तुम्हाला छंद आहे, जगाला नाही,’ ती म्हणाली. बिस्किटांच्या डब्यात कापूस घालून सगळे कपाटावर ठेवले आहेत.

मागच्या वर्षी आमच्या शाळेतले मराठीचे एक ज्येष्ठ शिक्षक स्टाफरूममध्ये माझ्याकडे आले. रुमालात गुंडाळलेला चाकू होता, शिंपल्याच्या मुठीचा. त्यांचे पणजोबा कारकून होते आणि बोरूने मोडी लिहीत. पाते उघडत नव्हते. ‘सर, हे तुम्हालाच जमेल,’ ते म्हणाले. मी तो घरी नेला, आठवडाभर तेल सोडत राहिलो. उघडला तेव्हा आत वाळलेल्या शाईचा काळा थर होता. तो तसाच ठेवून मी चाकू परत केला. नंतर त्यांच्या घरी गेलो होतो. बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात पणजोबांच्या चष्म्याशेजारी तो ठेवलेला होता, खाली नाव आणि गाव लिहिलेली चिठ्ठी. येणाऱ्याजाणाऱ्याला ते कौतुकाने दाखवतात. मलाही दाखवला. तोच चाकू, तेच शेफील्ड. मी चहा प्यायलो आणि त्यांना सांगितले की दर पावसाळ्याआधी तेल सोडत जा.

माझे चाकू कपाटावरच्या डब्यात असले तरी दर रविवारी त्यातला एक खाली येतो. मोहल्ल्यातली पाच-सहा मुले खुशखती शिकायला घरी येतात. त्यांत दोन मुली फार चांगल्या लिहितात. बरूची कांडी घ्यायची, एका बाजूने लांब तासायची, मधोमध बारीक चीर द्यायची, मग टोक कठीण पाटीवर टेकवून एका दाबात तिरपे छाटायचे. या शेवटच्या कापाला कत म्हणतात. तो नीट लागला की टक् असा आवाज होतो आणि मुले माना वर करतात. गेल्या रविवारी पहिल्यांदाच मी त्यातल्या धाकटीच्या हातात चाकू दिला. तिने आधी मूठ उजेडाकडे धरून पाहिली. ‘सर, यात रंग कुठून आले?’ मी म्हटले, आधी कत लाव, मग सांगतो. तिसऱ्या प्रयत्नात टक् वाजले.